उलट्या बाजूचा खडू

शेलूबाजारला हायवेच्या कडेला खता-बियाण्याचं एक दुकान आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर बचत गटाच्या बायका शाळेचे गणवेश शिवतात. बारा मशिनी एकदम सुरू झाल्या की शेजारणीचं बोलणं शेजारणीला ऐकू येत नाही. ऐकू येतो तो फक्त दुर्गाबाईंचा आवाज.

"डोळे घरी ठेवून आली काय व?"

"ही बाही हाये का पायजमा?"

"टीप हाये का बैलाचं मुतणं? सरळ मार न!"

दुर्गाबाई इथल्या कटिंग मास्तर. वय चोपन्न, गाव किन्हीराजा. सकाळच्या जीपने येतात, पुढच्या सीटवर बसतात आणि ड्रायव्हरलाही गाडी कशी चालवायची ते सांगतात. एकोणीस वर्षं मालेगावात एका शिंप्याकडे हाताने काज-बटण केलं. तो कापायचा तेव्हा त्या बघत बसायच्या. एक दिवस तो तापाने पडला आणि लग्नाचा सफारी राहिला होता. तो दुर्गाबाईंनी कापला. "नवरदेवाले बसला न बरोबर," एवढंच त्या त्याबद्दल सांगतात. शाळा सातवीपर्यंत झाली, पण अक्षर असं की गावातल्या बुद्धविहाराच्या फळ्यावर जयंतीचा कार्यक्रम आजही त्याच लिहितात.

हे अक्षर युनिटमध्येही चालतं. कापडावर, उलट्या बाजूने, शिंप्याच्या गुलाबी खडूने.

त्याची सुरुवात सपनामुळे झाली. सहा वर्षांपूर्वी सपना नवी होती. एका दिवसात तिने आठ बाह्या उलट्या लावल्या आणि दुर्गाबाईंनी तिला सगळ्यांपुढे इतकं झापलं की पोरगी बाथरूममध्ये जाऊन रडली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कापलेल्या बाह्यांचा गठ्ठा सोडला, तर वरच्या बाहीच्या आतल्या बाजूला लिहिलेलं होतं : 'सपना, काल बाह्या उलट्या लागल्या. आज लागणार नाहीत. मला शिकायला महिना लागला होता.'

सपनाने बाही शिवली. संध्याकाळी उदयसिंगने त्यावर गरम इस्त्री फिरवली आणि खडू उडून गेला. पुढच्या सकाळी सपना कटिंग टेबलापाशी येऊन उभी.

"आज काही नाई लिवलं?"

"कामं नाहीत का तुले?"

पण तिसऱ्या दिवशी लिहिलं. मग बाकीच्यांनीही मागितलं. आता रोज प्रत्येकीच्या एका गठ्ठ्यावर एक ओळ असते. सोमवारी ओळ लांब असते, कारण सोमवार कोणालाच सोसत नाही. बुधवारपर्यंत ती आखडते. शनिवारी कधी कधी एकच शब्द : 'झालंच.' लिहिताना दुर्गाबाई शाळेतलं मराठी लिहितात, 'आहे' आणि 'नाही' सकट. बोलताना त्यातलं एक अक्षरही तोंडातून निघत नाही.

सपना आता चेकिंगला आहे, खराब निघालेल्या कापडावर खडूने चूक लिहून परत करते, आणि दुर्गाबाईंना बोलायची हिंमत तिच्याचकडे आहे.

"बाई, हेच तोंडानं काहून नाई सांगत?"

"बोलाले गेलं का दुसरंच निघते."

"मंग तोंड बंद ठेवा अन् खडू चालू ठेवा."

"तू तुया चेकिंगकडं पाय."

इस्त्रीवाला उदयसिंग हा युनिटमधला एकटा पुरुष. सगळ्यांच्या ओळी इस्त्री फिरवण्याआधी तो वाचतो. त्याची तक्रार कायमची आहे. "साऱ्याईचं पुसाले मी, अन् मले कवा एक अक्षर नाई."

"तू शिवते का काही?" दुर्गाबाई विचारतात. "मंग?"

यंदा जूनमध्ये, शाळा उघडायला पंधरा दिवस उरले असताना भुरीबाई आली. जवळच्याच तांड्यावरची, अठ्ठावीसेक वर्षांची. घरी पायाची मशीन होती, झंपर-परकर शिवायची. युनिट सांभाळणारी पल्लवी हिशोबी मुलगी, बी.कॉम. झालेली. तिने भुरीबाईला कॉलरीवर बसवलं आणि अट घातली.

"आठवडाभर शिकून घ्या. शनिवारी एका दिवसात साठ कॉलरी झाल्या पाहिजेत, आणि त्यातल्या पाचाच्या वर परत यायच्या नाहीत. जमलं तर जागा तुमची. लिहिता-वाचता येतं न?"

"येते," भुरीबाई म्हणाली आणि फॉर्मवर सही केली. सही सावकाश आणि सुंदर केली, जशी रांगोळी काढतात.

सोमवारी चहाच्या सुट्टीत दुर्गाबाईंनी तिला विचारलं, "कॉलरच काहून? ओव्हरलॉक सोपं असते."

"जे देतीन ते करीन बाई. जागा लागली पायजे." भुरीबाईने बशीत चहा ओतला. "दिवाई झाली का आमी ऊसतोडीवर जातो. पोरगी संगं येते. वैभवी तिचं नाव. पाचवीत हाये. दरसाली तिची शाळा मधातून तुटते. हे जागा भेटली तं माया नवरा बादल एकटा जाईन, मी अन् पोरगी इथं राहू. शाळेतल्या मास्तरीनले सांगतलं बी मी, यंदा तिचं नाव काटू नका म्हून."

"मंग शिव," दुर्गाबाई म्हणाल्या. "चहा काय पेत बसली?"

भुरीबाईने बशी अर्धी सोडली आणि उठली.

कॉलरीचं काम दोन वेळचं असतं. आधी दोन पट्ट्या आणि आतलं ताठ कापड, बकरम, उलटे धरून कडेने टीप मारायची. मग दहा-दहाचा गठ्ठा दुर्गाबाईंकडे जातो. त्या साच्यावर ठेवून जास्तीचं कापड छाटतात, टोकाशी तिरका काप देतात आणि गठ्ठा परत पाठवतात. मग कॉलर सुलट करायची, टोक बाहेर काढायचं आणि वरून दुसरी टीप मारायची. छाटल्यावर आत कापड जेमतेम दोन दोऱ्यांचं उरतं. त्यानंतर चुकायला जागा नाही.

सोमवारी दुपारी भुरीबाईचा पहिला गठ्ठा टेबलावर आला. दुर्गाबाईंनी एक कॉलर उचलली, उजेडाकडे धरली. टीप सरळ होती. दोन्ही टोकं जुळ्या बहिणींसारखी. त्यांनी छाटलं, खडू घेतला, वरच्या कॉलरीवर उलट्या बाजूने एक ओळ लिहिली आणि गठ्ठा पाठवून दिला.

संध्याकाळी भुरीबाईच्या कॉलरी निघाल्या बत्तीस. त्यातल्या अकरा सपनाने परत केल्या.

"अकरा?" दुर्गाबाई म्हणाल्या. "मी छाटलं तवा बरोबर होतं."

"हे पाहा न. टोक बसकं. हेही बसकं. दहाच्या दहा."

दुर्गाबाईंनी भुरीबाईकडे पाहिलं. "पोट्टे, टोक काढते का दात?"

भुरीबाईने खाली मान घालून मशीनवर कापड झाकलं आणि ती निघाली.

मंगळवारी तेच झालं. दुर्गाबाईंना वाटलं, बाई घाबरली आहे, माझ्याच तोंडाला घाबरली असेल. म्हणून त्यांनी ओळ जरा लांब लिहिली. बुधवारी दोन गठ्ठ्यांवर लिहिलं, गुरुवारी तीन गठ्ठ्यांवर. जितकं जास्त लिहिलं तितक्या जास्त कॉलरी परत आल्या. गुरुवारी संध्याकाळी सपनासमोर बसक्या टोकांच्या तीस कॉलरी पडल्या होत्या आणि पल्लवी कपाळावर हात धरून उभी होती.

"बाई, ही नाही टिकणार."

"शनिवार कुठी आला अजून?"

"तुम्हीच रोज ओरडता न तिच्यावर?"

"मी साऱ्यावरच ओरडतो," दुर्गाबाई म्हणाल्या. पण त्या रोजच्यासारख्या सगळ्यांत पुढे जिना उतरल्या नाहीत. परत आलेल्या कॉलरींतली एक त्यांनी पिशवीत टाकली.

घरी जाऊन त्यांनी ती उसवली. आत बघितलं तर कडेला सुईच्या भोकांची एक रांग होती, आणि तिच्या आत आणखी एक. पहिली रांग सरळ, बरोबर साच्यावर. दुसरी आत सरकलेली, कारण बाहेर कापडच उरलं नव्हतं. म्हणजे कॉलर आधी नीट शिवली गेली होती. छाटून झाल्यावर कोणीतरी ती उसवली होती आणि पुन्हा शिवली होती.

दुर्गाबाईंचे यजमान जानराव बाजूला भाजी निवडत होते. "काय झालं?"

"चांगलं शिवलेलं कोनी उसवते काय हो?"

"डोकं फिरलं असन तं उसवते."

"तिचं डोकं तं बरं दिसते," दुर्गाबाई म्हणाल्या.

शुक्रवारी त्यांनी सकाळच्या पहिल्या गठ्ठ्यावर नेहमीसारखं लिहिलं आणि जेवणाच्या सुट्टीची वाट पाहिली. बायका डबे घेऊन खिडकीपाशी बसल्या. भुरीबाई तिथे नव्हती. ती रोजच नसायची. सपना म्हणायची, तांड्याची बाई लाजते. दुर्गाबाई गच्चीच्या जिन्याने वर गेल्या. सगळ्यात वरच्या पायरीवर भुरीबाई बसलेली. मांडीवर गठ्ठा, हातात ब्लेड. सहा कॉलरी उसवून झाल्या होत्या.

"काय करून राह्यली व?"

भुरीबाईने पदर गठ्ठ्यावर ओढला.

"दाखव इकडं. हे काहून उसवली? चांगली होती न!"

"चांगली होती तं परत काहून धाडली?"

"परत? मी छाटून धाडली."

"खराब हाये म्हून लिवून धाडली." भुरीबाईचा आवाज चढला. पाच दिवसांत पहिल्यांदाच चढला. "सपनाताई करते तसंच. एकच कॉलर खराब असली तं तिच्यावर लिवते, सारा गठ्ठा खराब असला तं वरच्यावर लिवते. मले माहीत हाये. सोमवारी एक गठ्ठा, काल तीन. मी बराबर शिवतो, तुमी लिवता. मी उसवतो, पुना शिवतो, मंग ते सपनाताई लिवते. कसं शिवू बाई मी? तोंडानं तं सांगा, काय चुकून राह्यलं!"

दुर्गाबाईंनी वरची कॉलर उचलली. खडू थोडा पुसला होता, पण वाचता येत होता. त्यांनी ती भुरीबाईच्या हातात दिली.

"वाच बरं हे."

भुरीबाईने कॉलर धरली. मग खाली ठेवली.

"सही येते मले," ती म्हणाली. "आकडे येतात. साइजचे सारे आकडे येतात." आणि पटकन, "मॅडमले सांगू नका. तुमच्या पाया पडतो."

खालून सपनाच्या हसण्याचा आवाज आला. दुर्गाबाई पायरीवर टेकल्या. खडूच्या कामाला सहा वर्षं झाली होती. आपण लिहिलेलं कोणाला वाचता येणार नाही, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

"खराब नाई लिवलं," त्या म्हणाल्या.

"मंग काय लिवलं?"

दुर्गाबाईंनी पदराने मान पुसली.

"लिवलं हाये का... बरं हाये म्हून."

"एवढ्या लांब लिवलं अन् एवढंच?"

"वाचतो न बाप्पा! घाई काहून करते?" त्यांनी कॉलर डोळ्यांजवळ धरली आणि फळ्यावरची सूचना वाचावी तसं वाचलं. "भुरीबाई, तुझा हात बसला आहे. आता घाबरू नको. टोकं माझ्यापेक्षा चांगली निघतात."

भुरीबाईने कॉलर त्यांच्या हातातून परत घेतली.

"सोमवारी काय होतं?"

"सोमवारचं कोनाले आठवते?"

"तुमाले आठवते."

"सोमवारी... पहिल्या दिवशी एवढी सरळ टीप या खोलीत कोनीच मारली नाई. सपनानंबी नाई. असं."

"अन् मंगळवारी?"

"मंगळवारी, चहा पुरा पेत जाय."

भुरीबाईला हसू आलं, आणि हसता हसता तिने ब्लेड कागदात गुंडाळून ठेवलं. "बुधवारचं?"

"बुधवारी दोन होते. एकात, माझं बोलणं मनावर घेऊ नको. दुसऱ्यात..." दुर्गाबाई थांबल्या. "दुसऱ्यात, वैभवीची शाळा तुटणार नाही."

भुरीबाईने मांडीवरच्या कॉलरी पाहिल्या. सहा उसवलेल्या, चार शाबूत. "तेबी मी भिऊन उसवली," ती म्हणाली. "वरची होती म्हून पहिले तेच उसवली."

मग दुर्गाबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "चाल. डबा खाऊन घे. हे सहा मी नव्यानं कापून देतो."

त्या थेट पल्लवीच्या टेबलापाशी गेल्या.

"पल्लवी, त्या भुरीबाईच्या कॉलरी. माझ्या हातून टोकं जास्त छाटल्या गेली. तिची चूक नाई."

पल्लवीने मोबाइल खाली ठेवला. "तुमची छाटणी चुकली?"

"चष्म्याचा नंबर बदलला असन."

"चार दिवस?"

"चुकली म्हणतो न मी. लिहून देऊ का आता?"

पल्लवीला ते पटलेलं दिसलं नाही. "ठीक आहे. मागच्या कॉलरी धरत नाही. पण उद्याचा आकडा तोच. साठ."

शनिवारी सकाळी साडेनऊला भुरीबाईने मशीनला तेल दिलं आणि सुरुवात केली. अकरापर्यंत दोन गठ्ठे टेबलावर आले. दुर्गाबाईंनी छाटले. हात सवयीने खडूकडे गेला, तो त्यांनी मागे घेतला. गठ्ठा उचलून त्या स्वतः भुरीबाईच्या मशीनपाशी गेल्या. बारा मशिनी चालू होत्या.

"बरं हाये," त्या म्हणाल्या.

"काय?"

"बरं हाये म्हटलं!"

"आयकू नाई येत बाई!"

दुर्गाबाईंनी छाती भरून श्वास घेतला आणि ओरडल्या. तेवढ्यात लाइट गेली. बाराच्या बारा मशिनी एका क्षणात थांबल्या आणि पूर्ण खोलीत, खालच्या दुकानापर्यंत, फक्त त्यांचा आवाज राहिला :

"लय सुंदर शिवते व तू!"

उदयसिंगच्या हातात इस्त्री तशीच.

"बाई," सपना हळूच म्हणाली, "भांडून राह्यल्या का तारीफ करून राह्यल्या?"

मग सगळ्या हसल्या. दुर्गाबाईंचे कान तापले. "दात काय काढता? कामं करा!"

"लाइट नाई तं काय करू?"

भुरीबाईने घड्याळाकडे पाहिलं. तिच्या वीसच कॉलरींची पहिली टीप झाली होती. तिच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते दुर्गाबाईंना कळलं.

"लाइट गेली तं हात गेले काय?" त्या तिला म्हणाल्या. "सुलट कराले लाइट लागते? टोक काढाले लाइट लागते? मी पुढचं कापून देतो, तू कैचीनं बकरम कापून, बसवून तयार ठेव. लाइट आली का निस्ती टीप मार."

लाइट आली ती पन्नास मिनिटांनी. तोवर भुरीबाईच्या डावीकडे टोकं काढलेल्या वीस कॉलरी रचलेल्या होत्या आणि उजवीकडे जुळवून ठेवलेल्या तीन गठ्ठ्यांच्या पट्ट्या. त्यानंतर ती उठली ती फक्त पाणी प्यायला. दुर्गाबाई दर गठ्ठ्याला टेबलापासून मशीनपर्यंत गेल्या. आता त्या ओरडत नव्हत्या, कानाशी वाकत होत्या. काय म्हणाल्या ते कोणाला ऐकू आलं नाही. एकदा भुरीबाईने मान हलवली, एकदा म्हणाली, "सपनापेक्षा नका म्हनू, तिले राग येईन."

सव्वापाचला सपनाने शेवटचा गठ्ठा तपासला. सगळ्या टेबलाभोवती.

"एकसष्ट," ती म्हणाली. "परत तीन."

पल्लवीने स्वतः मोजलं. मग परत केलेल्या तीन उलटून पाहिल्या, आणि पास झालेल्यांतली एक उचलून टोकावर अंगठा फिरवला.

"सोमवारी साडेनऊला या," ती भुरीबाईला म्हणाली. "हा नियमांचा कागद आहे. वाचून सही करा."

भुरीबाईने कागद घेतला. दुर्गाबाईंनी हात पुढे केला, "आण, मी पाहतो." पण भुरीबाईने कागद पल्लवीकडे परत धरला.

"मॅडम, मले वाचता येत नाई. त्या दिवशी मी खोटं बोललो. तुमी वाचून सांगा, मी सही करतो."

पल्लवीने कागद हातात घेतला.

"आकडे येतात?"

"येतात."

"बावीस, चोवीस, सव्वीस?"

"बत्तीसपावतर सारे येतात."

"मग त्या दिवशी सांगायला काय झालं होतं?" पल्लवी खुर्चीवर बसली, कागद सरळ केला. "ऐका. एक : वेळेवर यायचं..." मध्येच ती थांबली आणि तिने दुर्गाबाईंकडे वळून पाहिलं. रोज गठ्ठ्यांवर लिहिलेलं तिनेही पाहिलं होतं; भुरीबाईला ते खराबीचं वाटलं असणार, हे तिला आता कळलं. "म्हणजे तुमची छाटणी चुकली नव्हती."

"माझी छाटणी कवा चुकते?" दुर्गाबाई म्हणाल्या. "वाच न तू पुढं. तिची जीप जाईन."

सोमवारी सगळ्यांच्या गठ्ठ्यांवर ओळी होत्या, सोमवारच्या लांब ओळी. सपनाने परत केलेल्या कॉलरींवर आता फक्त फुली होती. चुकीचं तोंडाने सांगायचं, असं तिने ठरवून टाकलं होतं. पावणेअकराला दुर्गाबाई पहिला गठ्ठा घेऊन भुरीबाईच्या मशीनपाशी गेल्या.

उदयसिंगने इस्त्री उभी केली. "बाई, तिले तोंडानं, साऱ्याईले लिवून. मले?"

"तुया हातून शर्ट जळाला नाई अजून एकही," दुर्गाबाई न थांबता म्हणाल्या. "सहा साल झाले. पाहून राह्यलो मी."

उदयसिंगने पुढचा शर्ट ओढून इस्त्रीखाली घेतला.

दुर्गाबाई भुरीबाईच्या कानाशी वाकल्या. "सोमवार हाये. हळू सुरू कर. हात आपोआप चालतीन."

"काय?" भुरीबाई म्हणाली. "जोरानं बोला, आयकू नाई आलं."

तिच्या शेजारच्या मशीनवरची बाई हसली, कारण तिलाही स्पष्ट ऐकू आलं होतं. दुर्गाबाईंनी भुरीबाईकडे रोखून पाहिलं, आणि मग पुन्हा सांगितलं.